माझ्या गोल्फची खतावणी



पुतण्याने माझ्या फोनवर गोल्फचं एक अ‍ॅप घालून दिलंय. किती फटके मारले, चेंडू किती लांब गेला, किती वेळा झाडीत गेला, सगळं ते लिहून ठेवतं आणि महिनाअखेरीला आलेख काढून दाखवतं. माझा आलेख म्हणजे वारा पडल्यावरचं मये तळ्याचं पाणी. तीन वर्षं झाली, एक तरंग नाही.

मला त्या अ‍ॅपचा राग नाही, पण त्याचा हिशोब मला मान्य नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेलं, आकड्यांशी माझं वैर असण्याचं कारण नाही. पण कुठला आकडा कुठल्या खात्यात घालायचा हे आधी कळावं लागतं. हौशी माणसाची प्रगती फटक्यांच्या संख्येत दिसत नाही. तिचे टप्पे निराळे असतात, बहुतेक हसू येण्यासारखे असतात, आणि पुष्कळदा ते आपल्याला खेळाशी काडीचाही संबंध नसलेली माणसं दाखवून देतात. मी पेडण्याचा, सासुरवाडी डिचोलीची. आमच्या भागातल्या माणसाने गोल्फ खेळायचं म्हटलं की यातला एक टप्पा हमखास जमिनीपाशी येतो. त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. पण ते नंतर. आधी गंमत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. छोटा पांढरा चेंडू, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तो लोखंडी टोकाच्या काठीने मारत मारत दूरच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोकं, म्हणजे होल. जितके फटके कमी तितका खेळाडू मोठा. चांगला खेळाडू अठरा होल ७२ च्या आसपास फटक्यांत संपवतो. बाकी आम्ही.

माझी सुरुवात पन्नाशीत झाली. बदली घाटावरच्या एका छावणीच्या गावात झाली होती. तिथे लष्कराचं मैदान होतं आणि शाखेचे एक खातेदार, निवृत्त कर्नलसाहेब, मला आग्रहाने घेऊन गेले. हिरवळ बिरवळ काही नव्हती. भोकाभोवतीचा भाग, ज्याला जगभर ‘ग्रीन’ म्हणतात, तो तिथे तेल मिसळलेल्या वाळूचा होता. त्याला म्हणायचे ‘ब्राउन’. आपल्याकडे छावण्यांच्या मैदानांवर अशी ब्राउन पुष्कळ ठिकाणी असत. पटिंग करून झालं की कॅडीचा पोरगा चटईने वाळू सारखी करायचा आणि मागून येणाऱ्यांना स्वच्छ पाटी मिळायची. ही ब्राउन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिला टप्पा कुठला? चेंडू हलला तो दिवस. हसू नका. क्रिकेटमध्ये चेंडू आपल्याकडे येतो, इथे तो गप्प पडून असतो आणि तरीही बॅट, म्हणजे काठी, त्याच्या डोक्यावरून निघून जाते. नियम असा की मारायच्या इराद्याने काठी फिरवली आणि चेंडूला लागली नाही, तरी फटका मोजायचा. पहिल्या दिवशी माझे अकरा फटके झाले आणि चेंडू होता तिथेच. बाराव्याला तो उडाला. कर्नलसाहेब म्हणाले, ‘‘काँग्रॅच्युलेशन्स, आता तो हरवता येईल.’’

आणि तसंच झालं.

हरवलेल्या चेंडूचा नियम बँकवाल्यांना फार आवडावा. शोधायला तीन मिनिटं. २०१९ पूर्वी पाच होती, ती कमी केली. तीन मिनिटांत मिळाला नाही की चेंडू बुडीत, वर एका फटक्याचा दंड आणि मागे जाऊन पुन्हा मारायचा. बँकेत आम्हाला थकीत कर्ज अनुत्पादक ठरवायला नव्वद दिवस मिळत, २००४ च्या मार्चअखेरीपर्यंत तर एकशे ऐंशी. मी कर्नलसाहेबांना म्हटलं होतं, तुमचा खेळ रिझर्व्ह बँकेपेक्षा कडक आहे.

सवयीने मी चेंडूंची वही ठेवली. आरंभीची शिल्लक, खरेदी, सापडलेले, हरवलेले, अखेरची शिल्लक. दर ३१ मार्चला बंद करून नवीन पान. आमच्या हिला याचं इतकं नवल की घरी कोण आलं की, ‘‘अहो, ती वही दाखवा ना’’ म्हणायची. बँकेत चाळीसच्या आसपास वर्षं काढली, एकाही पाहुण्याने कधी मला माझी कुठली वही दाखवायला सांगितली नव्हती. हाही मी टप्पाच धरतो.

तिथल्या मुक्कामात माझी सर्वांत चांगली फेरी १०८ फटक्यांची झाली. शंभराच्या आत येणं हा हौशी गोल्फरांचा मोठा उंबरठा समजला जातो, तो मी आजतागायत ओलांडलेला नाही. पण त्या दिवशी घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, ‘‘एकशे आठ? म्हणजे जपमाळ पुरी झाली की.’’ पुढे एकदा नियमांचं पुस्तक चाळताना दिसलं की गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. मी उठून तिला दाखवलं. तेव्हापासून त्या १०८ ला मी उणे मानत नाही. अ‍ॅपला हे कसं कळणार?

या खेळातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे हँडिकॅप. दुबळ्या खेळाडूला त्याच्या दुबळेपणाच्या प्रमाणात सवलत द्यायची, म्हणजे तोही निष्णाताबरोबर बरोबरीने खेळू शकतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या चांगल्या आठ घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. जास्तीत जास्त सवलत ५४. म्हणजे पत ठरवताना ग्राहकाचे वाईट बारा व्यवहार नजरेआड करायचे! असं उदार क्रेडिट रेटिंग मी नोकरीत कुठेच पाहिलं नाही. दुसरा कुठला खेळ आहे जिथे माझ्यासारखा म्हातारा पंचविशीतल्या पोराशी खराखुरा सामना खेळू शकेल आणि जिंकूही शकेल?

निवृत्त होऊन पेडण्याला परतलो आणि अडचण आली. गोव्यात सगळीकडे पोचणारी गोष्ट असली की आपण ‘पेडणें ते काणकोण’ म्हणतो. माझं घर पेडण्यात, आणि नऊ होलांचं मैदान थेट काणकोणात, राजबागच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलचं. अख्खं गोवा पार करून शंभरेक किलोमीटर जायचं, तेव्हा कुठे पहिला फटका. महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. मग सरावाला मी घरचं शेत आणि मागचा सडा वापरू लागलो.

भात कापलं की नोव्हेंबरपासून शेत मोकळं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, तिथे चेंडू पडला की थांबतच नाही. माझा आयुष्यातला सर्वांत लांब फटका सड्यावरचा आहे, तो उतारावरून बांधापलीकडच्या माडाच्या बुंध्यापर्यंत गेला. कर्नलसाहेबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘दगडाचा वाटा वजा करा.’’ मी केला नाही.

इथेच मला ते टप्पे गाठता आले ज्यांचं वर्णन कुठल्याही गोल्फच्या पुस्तकात सापडणार नाही. पहिला वसुलीचा. शेतात हरवलेले चेंडू मी नियमाप्रमाणे बुडीत खाती टाकत असे. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याने पॉवर टिलर फिरवला आणि चिखलातून एकेक चेंडू वर येऊ लागला. त्या वर्षी वहीत सापडलेले ४१, हरवलेले ३८. राइट ऑफ केलेल्या खात्यांत एवढी वसुली मी आमच्या कुठल्याच शाखेत पाहिली नव्हती. उत्साहाच्या भरात मी वाड्यावरच्या पोरांना चेंडूमागे एक चॉकलेट जाहीर केलं. दोन महिन्यांत चेंडू हरवण्याचं प्रमाण एकदम वाढलं. लक्षात आलं की पोरं बांधाआड बसून चेंडू जमिनीवर थांबायच्या आतच उचलताहेत. कमिशनवर एजंट नेमले की काय होतं हे मला नव्याने शिकवायची गरज नव्हती, मी योजना बंद केली. पण त्यातली एक मुलगी आज माझ्यापेक्षा सरळ चेंडू मारते.

दुसरा टप्पा जरा गूढ आहे. उन्हाळ्यात मी सड्यावर तिन्हीसांजेला जायचो, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात काठी, वाकून वाकून काहीतरी शोधत. बॅटरी लावून. आमच्या भागात सड्यांना राखणदार असतो, देवचार. कांबळं पांघरून, हातात दांडा घेऊन तो रात्री सीमेवर फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि मी तिची चेष्टा करणाऱ्यांतला नाही. एका सकाळी मी ज्या खडकाजवळ नेहमी उभा राहतो तिथे विड्यांचं बंडल, एक केळं आणि पणती ठेवलेली. मी कुणाला काही बोललो नाही. चार दिवसांनी दुकानात ऐकलं, ‘‘सड्यार राखणदार दिसता हल्लीं, पांढरी तोपी घालून.’’ जगातल्या किती हौशी गोल्फरांना हा मान मिळाला असेल? तेव्हापासून मी सकाळी जातो. राखणदाराच्या वेळेत आपण का अडमडा.

आता लोक विचारतात, भाई, तुमचा होल इन वन झाला का? एका फटक्यात चेंडू भोकात, तो होल इन वन. हौशी माणसासाठी याची शक्यता साधारण साडेबारा हजारांत एक अशी सांगतात. एका पुऱ्या फेरीत असं घडू शकेल असे चार आखूड होल धरा, महिन्याला एक फेरी, वर्षाला अठ्ठेचाळीस संधी. गणित करा, दोनशे साठ वर्षं लागतात. जपानमध्ये असा फटका बसला की खेळाडूने सगळ्यांना मेजवानी आणि भेटी द्यायच्या असा रिवाज आहे, आणि तो खर्च झेपावा म्हणून चक्क विमा मिळतो. आपल्याकडच्या विमा कंपन्याही गोल्फरांच्या पॉलिसीत याची सोय ठेवतात. सुखाची जोखीम म्हणून विमा उतरवायचा ही कल्पना मला फारच आवडली. पण दोनशे साठ वर्षांचे हप्ते कोण भरणार!

त्यापेक्षा मला जवळचा वाटतो तो वयाचा टप्पा. आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत फेरी संपवणं याला गोल्फमध्ये मोठा मान आहे. भले भले खेळाडू सत्तरी ओलांडल्यावर त्याची वाट बघतात. गेल्या वर्षी काणकोणात मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी ६६ केले. बरोबरच्या मित्राने आठवण करून दिली की हे नऊ होलांत झालं, नियमाप्रमाणे अठरा लागतात. असू दे. बँकेत टार्गेट दर एप्रिलला वाढायचं, मागचं पुरं केलं म्हणून कुणी कमी केलं नाही. हे एकच टार्गेट असं पाहिलं की दर वाढदिवसाला एकेक फटक्याने सैल होतं. आपण फक्त जगायचं.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले, हे सगळं हसण्यावारी नेऊन तुम्ही वाईट खेळाचं समर्थन करता. मला तसं वाटत नाही. आपण गोवेकर तरी असं म्हणू नये. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द कमीपणाचा कधीच नव्हता. देवळाच्या उत्सवात नाटक करणारा पोस्टमन, शिक्षक, दुकानदार, सगळे हौशीच. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारी डिचोली, पेडण्याची मंडळंही दिवसभर कामधंदा करून रात्री तालीम करणाऱ्यांचीच. माझ्या सासऱ्यांनी डिचोलीत वीसेक वर्षं ऐतिहासिक नाटकांत कामं केली. त्यांचं कुठलं वाक्य दाद घेऊन गेलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ऐन दरबारात मिशी सुटली आणि त्यांनी ती तशीच हातात धरून उरलेला प्रवेश न अडखळता पार पाडला, ते अजून सांगतात. सांगताना हसतात आणि त्या हसण्यात मान असतो. ते अ‍ॅपमध्ये बसत नाही.

आता जमिनीचं.

२०१३ ते २०१५ च्या सुमारास तेरेखोलच्या बातम्या आठवतात का? तेरेखोल म्हणजे नदीपलीकडचं गोवा. केरीहून फेरीबोटीने जायचं, मागे सिंधुदुर्ग, पुढे समुद्र. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतांकडून घेतलेला किल्ला तिथेच, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा लावला तोही त्याच किल्ल्यावर. त्या चिमुकल्या गावात एका कंपनीचं गोल्फ मैदान आणि रिसॉर्ट येणार होतं. गावच्या लोकांनी विरोध केला. काजूची झाडं, कुळांचे हक्क, किनाऱ्याचे नियम असे सगळे मुद्दे निघाले आणि प्रकरण न्यायालयात आणि हरित लवादात गेलं.

त्या दिवसांत पुण्याचे पाहुणे किल्ला पाहायला म्हणून आले आणि मी त्यांना घेऊन गेलो. गाडीच्या मागच्या सीटवर गोल्फची पिशवी पडलेली. फेरीबोटीवर एकाने काचेतून पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुमी त्या गोल्फवाल्यांचे?’’ मी नाही म्हटलं, पण बोटीवरच्या सगळ्यांच्या नजरा पलीकडचा काठ येईपर्यंत त्या पिशवीवर होत्या. इतकी वर्षं ती पिशवी घेऊन हिंडलो, लोकांनी हसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तिची भीती वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली.

वर गावात पाहुणे किल्ल्यात गेले आणि मी एका काजूच्या बागेशी थांबलो. मार्च होता, बोंडवांचा वास भरून राहिलेला. एक म्हातारे गृहस्थ बिया वेचत होते, माझ्याहून वयाने मोठे. बातमी बहुतेक बोटीवरून माझ्या आधी पोचली होती. म्हणाले, ती काठी दाखवा. मी सात नंबरचं आयर्न दिलं. त्यांनी ते कोयत्याचं पातं तपासावं तसं बोटाने तपासलं, तोललं, आणि खाली पडलेल्या एका बोंडाला असा काही फटका दिला की ते सरळ रेषेत कुंपणापलीकडे गेलं. पाठ वाकलेली, पण खांदा पुरा फिरलेला. कर्नलसाहेब मला चार वर्षं हेच शिकवत होते.

मग त्यांनी विचारलं, ‘‘फटको मारून मेळटा कितें?’’

मी म्हटलं, ‘‘कांयच ना.’’

ते मनापासून हसले. काठी परत देत म्हणाले, ‘‘तुमचो गोल्फ बरो आसा. पूण हांगा नाका.’’

हा माझ्या गोल्फमधला सर्वांत मोठा टप्पा. माझं मत आधीही तेच होतं. पण मी ज्या खेळावर प्रेम करतो त्याबद्दल ते मत आहे, आणि ते उघडपणे सांगणं गोल्फ खेळणाऱ्याकडूनच व्हायला हवं, हे मला त्या बागेत पटलं.

कारणं सांगतो. अठरा होलांच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. आपल्याकडे चार महिन्यांत तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मग जवळजवळ आठ महिने कोरडे. त्या आठ महिन्यांत एवढं गवत हिरवं ठेवायचं तर पाणी उपसावंच लागणार. आणि सडा वरून उजाड दिसतो म्हणून त्याला पडीक समजू नका. जांभा पावसाचं पाणी जिरवून धरतो आणि पायथ्याच्या झरींतून ते हळूहळू सोडतो, त्यावर कुळागरं जगतात. पठारावर काय घडतं याचा हिशोब खालच्या विहिरीत निघतो. हे डिचोलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. खाणी खोल खोल गेल्या तशा आसपासच्या विहिरी आटल्या. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं तरी गेलेली शेतं काही परत आली नाहीत.

दुसरं कारण कागदाचं. शाखेत शेतीकर्जाच्या फाइलीत मी फॉर्म एक-चौदाचे शेकडो उतारे पाहिले. त्यात मालकाचा रकाना असतो तसा कुळाचाही असतो. जमीन खरेदी करायला येणारा मोठा माणूस पहिल्या रकान्यावर बोट ठेवतो. गावात मात्र भांडण दुसऱ्या रकान्यावरून असतं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकीपर्यंत नेलं, पण कागद सगळीकडे सारख्या वेगाने चालले नाहीत. ज्याने तीन पिढ्या झाडं वाढवली त्याचं नाव रकान्यात नाही, एवढ्यावरून तो तिथे नव्हताच असं होत नाही.

रोजगाराचं काय, असं आमच्याच भागातले तरुण विचारतात आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला, जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले, आणि पेडण्याच्या पोरांना काम हवंच आहे. कुणी कायदेशीर, वादाबाहेरच्या जमिनीवर, पाण्याची सोय दाखवून काही उभं करत असेल तर मी आडवा येणार नाही. पण स्वतःच्या काजूच्या बागेचा धनी होता त्याला उद्या त्याच जागी गवत कापायला ठेवलं, तर तो रोजगार म्हणून मोजायचा की नुकसान म्हणून? माझ्या खतावणीत ते डावीकडे जातं.

आणि हा विरोध काही एका गावाचा हट्ट नव्हे. १९९३ मध्ये आशियातल्या कार्यकर्त्यांनी २९ एप्रिल हा गोल्फविरोधी दिवस म्हणून जाहीर केला होता, गोव्यातही त्या काळात गोल्फच्या प्रकल्पांविरुद्ध आवाज उठले होते. मी गोल्फर असून ते वाचताना मला राग आला नाही. त्यांचं भांडण चेंडूशी नव्हतं.

खरं तर या खेळाला एवढी श्रीमंती लागतच नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला हा खेळ वाढला तो गावाच्या सामाईक जमिनीवर, मेंढ्या चरत त्या जागी. आजही तिथलं जुनं मैदान रविवारी खेळाला बंद असतं आणि गावची माणसं त्यावर फिरायला जातात. अठरा होल हेही काही वेदवाक्य नाही. तिथे आधी बावीस होते, १७६४ मध्ये अठरा केले. त्यांनी सोयीने चार कमी केले तर आपण बारा कमी करायला काय हरकत?

म्हणून माझी सूचना अशी, आणि ती मी अमलात आणली आहे. भात कापलेल्या शेतात, ज्याचं शेत त्याला विचारून, सहा होल. ग्रीनच्या जागी ब्राउन, वाळू आपलीच, तेल जुनं नको म्हणून मी नुसतं पाणी शिंपडून दाबतो. पाणी दोन बादल्या. मे संपला की वाळू गोळा करायची, जूनमध्ये पुन्हा पेरणी. आमचे स्थानिक नियमही तयार आहेत. म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात चेंडू गेला तर विनादंड उचलायचा. कुत्र्याने पळवला तर मूळ जागी नवा ठेवायचा, हा खऱ्या नियमपुस्तकातलाही नियम आहे, बाहेरच्या कुणी चेंडू हलवला तर दंड नाही. बांधावर बसलेल्या पोरांनी उचलला तर मात्र चौकशी. गेल्या हंगामात आम्ही पाच जण नियमित होतो, दोन निवृत्त शिक्षक, एक फेरीबोटीवर काम केलेले, मी, आणि ती चॉकलेटवाली मुलगी, जी आता बारावीला आहे. हँडिकॅप लावूनही ती जिंकते.

या नोव्हेंबरात कापणी झाली की पुन्हा मांडणार. पेडण्याकडे कुणी आलात तर जरूर या. काठ्या मी देईन. चेंडू मात्र वहीत सही करून घ्यावे लागतील आणि मोजून परत करावे लागतील.